वरवटच्या दोन जावा आणि एक करवत

वन्सं आणि मी सांगलीहून निघालो तेव्हा आमच्यात करार झाला होता. पहिला दिवस शेगावला महाराजांचा, दुसरा दिवस माझ्या करवतीचा. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शिवणाचा क्लास चालवलेल्या, आणि गाडीतली खिडकीची जागा पोटच्या पोरालाही न देणाऱ्या.

करवतीचं मात्र सांगायला हवं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. सर्जनच्या हातात हत्यारं देता देता केस पांढरे झाले आणि निवृत्त झाल्यावर रिकाम्या हातांनी राहवेना, म्हणून शस्त्रक्रियेची जुनी हत्यारं जमवायला लागले. एकोणिसाव्या शतकातली, लाकडी मुठींची. पुढे हत्यारं उकळून घ्यायची पद्धत आली आणि या मुठी गेल्या, कारण उकळलं की लाकूड तडकतं. त्यामुळे काळ्या लाकडाची, खवल्यासारख्या खाचा पाडलेली मूठ दिसली की माझा जीव वर-खाली होतो. सुटी हत्यारं माझ्या कपाटात बरीच आहेत. पण पूर्ण पेटी, जिच्यात प्रत्येक हत्यारासाठी मखमलीत त्याच्या त्याच्या आकाराची खाच असते, तशी मी कधी हातात घेतली नव्हती.

माझ्याबरोबर काम केलेल्या मंगलानं दिवाळीनंतर एक फोटो पाठवला. वरवट बकालला तिच्या मावशीच्या घरी भिंतीवरच्या खिळ्याला विळा टांगलेला आणि शेजारी हात-पाय कापायची करवत. खाली मंगलानं लिहिलं होतं, 'सिस्टर, मावशी यानं बोरीच्या फांद्या तोडते.' मी त्याच संध्याकाळी तिकिटं काढायला लावली.

शेगावला पहाटे उतरलो. दर्शन शांतपणे झालं. वन्सं बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या करवतीचंही सांगितलं हो त्यांना." मग आम्ही कचोरी खाल्ली. शेगावची कचोरी तिखट असते हे ऐकून होतो, पण वन्संनी प्रतिष्ठेचा प्रश्न करून तीन संपवल्या आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी-पिवळीत (इकडची वडापची जीप) बसलो. आमच्या पायाशी लाल मिरच्यांचं पोतं होतं आणि त्याचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं. खड्डा आला की पोतं उसळायचं आणि सगळी जीप शिंकायची. पूर्णा नदीच्या पुलावर ड्रायव्हरही शिंकला तेव्हा वन्संनी माझा दंड धरला. समोर बसलेला फेटेवाला डोळे पुसत म्हणाला, "मोकळं होते डोकं. पैसे नाई लागत याले." मला हसू आवरेना. वन्संना शिंका आवरेनात. पुढे दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशी) उभी होती, मध्येच तुरीचे पट्टे, आणि पार उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. लग्नाच्या वयाची असल्यासारखं मला उगाच छान वाटत होतं.

मंगलाची मावशी सिंधूबाई दारातच उभी होती. पन्नाशीची, सडसडीत, बोलताना डोळ्यांनी अर्धं सांगणारी. आत चहा आला. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी मिठाळ, म्हणून चहाही किंचित खारट. मागून सुपारी आली. मी चघळत चघळत करवत बघितली. पात्यावर लंडनच्या कुणा कारागिराचं नाव अर्धवट दिसत होतं. मूठ तीच, काळी, खवल्याखवल्यांची.

"अजून हायेत," सिंधूबाई म्हणाली आणि तिनं जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं सोडलं. लांब पात्याच्या सुऱ्या, रक्तवाहिनी ओढून धरायचे आकडे, कवटीला भोक पाडायचं गिरमिट. शेवटी हाड तोडायची कात्री. कात्रीच्या पात्यांत सुपारीचा चुरा अडकलेला होता.

"ही सुपारी याच्यानंच कातरली का?" मी विचारलं.

"हाव. अडकित्त्यापक्षा बरी चालते."

मी चघळायची थांबले. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग मला वाटलं, शंभराहून अधिक वर्षांत धुतली गेलीच असेल, आणि मी ती सुपारी गिळून टाकली.

ही हत्यारं कुठून आली तेही तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्याचे पणजोबा सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करायचे. तिथला साहेब विलायतेला परत जाताना त्यांना सगळी पेटी देऊन गेला.

"पेटी?" मी म्हणाले. "मग पेटी कुठं आहे?"

सिंधूबाईनं हनुवटीनं समोरचं दार दाखवलं. बोळ जेमतेम बैलगाडीएवढा रुंद. पलीकडे तिच्या थोरल्या जाऊबाईंचं, कमलबाईंचं घर. घरं वेगळी झाली तेव्हा सगळ्या वस्तूंच्या वाटण्या झाल्या. पेटी थोरल्यांकडे गेली, हत्यारं धाकट्यांकडे. आणि तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. नवरे बोलत. एकत्र बाजाराला जात, एकाच विहिरीचं पाणी वाटून घेत. अबोला फक्त यांचा.

"काऊन बोलत नाही ते मले नका विचारू," ती म्हणाली. "मले चोर म्हनलं तिनं. बस."

मी बोळ ओलांडून कमलबाईंकडे गेले. त्या अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. मी कोण, कुठून आले हे सांगितल्यावर त्यांनी पेटी काढली. लालसर लाकूड, कोपऱ्यांना पितळ. झाकण उघडलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. जांभळी मखमल, आणि तिच्यात रिकाम्या खाचा. म्हणजे अगदी रिकाम्या नव्हत्या. सुरीच्या खाचेत कंगवा होता, गिरमिटाच्या खाचेत चष्मा, आणि करवतीच्या लांबरुंद खाचेत ब्लडप्रेशरच्या गोळ्या ओळीनं लावलेल्या होत्या.

"पेटी थोडा वेळ समोर नेऊ का?" मी विचारलं.

"पेटी या घराच्या बाहेर जात नाई."

मी परत समोर गेले. "हत्यारं थोडा वेळ तिकडं नेऊ का?"

"तिच्या दारात माही हत्यारं जात नाई," सिंधूबाई म्हणाली.

असा मी चार वेळा बोळ ओलांडला. दारात बांधलेल्या म्हशीनंही माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. शेवटी वन्संनी पर्समधून कात्री काढली. शिवणाच्या बाईची कात्री तिच्यापासून कधी लांब नसते. "सिंधूताई, जुना पेपर आहे का?" त्यांनी विचारलं. मग जमिनीवर पेपर पसरला, करवत त्यावर ठेवली, पेन्सिल फिरवली आणि ब्लाऊजचा कागद कापावा तसा सफाईनं तो आकार कापला.

"शिलाईला जागा सोडू का गं?" मला विचारलं.

"नको वन्सं, मापात ठेवा."

आम्ही दोघी हसायला लागलो आणि सिंधूबाईही हसली. थोड्या वेळात सगळी हत्यारं कागदाची झाली. मी ती ताटात घेतली, वरून उडू नयेत म्हणून वाटी ठेवली, आणि वन्संना घेऊन कमलबाईंकडे गेले.

त्यांनी कुरकुरत गोळ्या बाजूला केल्या. मी कागदी करवत खाचेत ठेवली. बरोबर बसली. सुरी बसली. गिरमिट बसलं. एकेक कागद मखमलीत उतरत होता तसा माझा श्वास वर चढत होता. कमलबाई आधी लांबून बघत होत्या, मग वाकल्या, मग मांडी घालून बसल्या. "हे तिकडे नाई, इकडे," म्हणत त्यांनीच दोन आकडे लावले. सगळे कागद संपले आणि एक खाच उरली. तळहाताएवढी, गोलसर, मध्ये आडवी.

"इथे फास असतो," मी म्हणाले. "पितळेचा. दोन पट्ट्या आणि मध्ये स्क्रू. पट्टा मांडीभोवती बांधायचा आणि स्क्रू पिळला की रक्त थांबतं."

कमलबाईंचा चेहरा बंद झाला. "तो नाई मियत. तो तिनं मोडीत घातला. पितय होतं ना. सासूबाई गेल्या त्या वर्षी पेटीतून गेला तो, आन तवा पेटीजवळ तिच्याशिवाय कोनी नव्हतं."

जुन्या पितळेची मोड कुणाच्या घरातून गेली नाही? माझा चेहरा पडला असणार, कारण वन्सं विषय बदलायला उठल्या आणि कोपऱ्यातल्या शिलाई मशीनपाशी गेल्या. मशीन दिसलं की त्यांना राहवत नाही. चाक फिरवून बघितलं, पाट हलवून बघितला, मग खाली वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या.

"सुनीता, इकडे ये बघू."

मशीनचा पाट निसटू नये म्हणून नेवारीच्या पट्ट्यानं खालून आवळला होता. आणि पट्टा ज्यानं आवळला होता तो पितळेचा स्क्रू होता. दोन पट्ट्या, मध्ये आटे, वर फुलपाखरासारखी मूठ. तेलानं काळा पडलेला, पण तोच.

"ते तं मशिनीचंच हाये," कमलबाई म्हणाल्या.

"मशीनचं नाही हो," वन्सं म्हणाल्या. "मी आयुष्यभर मशिनं उघडलीयेत."

मी स्क्रू सोडवला आणि त्या उरलेल्या खाचेत ठेवला. टक असा आवाज आला.

समोरच्या दारातून सिंधूबाईनं सगळं ऐकलं होतं. ती बोळ ओलांडून आली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"उभी काऊन हायेस?" कमलबाई म्हणाल्या, तिच्याकडे न बघता. "आत ये."

"पहिले म्हना."

"काय म्हनू?"

"मोडीत नाई घातला म्हना."

कमलबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "नाई घातला," त्या म्हणाल्या. मग खाचेतल्या स्क्रूवर बोट ठेवून, "माह्या मशिनीलेच होता व. माह्याच मांडीखाली. अन् मी तुले..."

मला वाटलं, आता सिंधूबाई रडेल. पण ती हसायला लागली. उंबऱ्यावर बसून, गुडघ्यात तोंड घालून. मग कमलबाईंचं पोट हलायला लागलं, आणि मग आम्ही दोघीही त्यात सापडलो.

तेवढ्यात कमलबाईंचे यजमान जेवायला आले. दोन्ही जावा एका खोलीत बघून ते दारातूनच परत फिरले आणि धाकट्या भावाला घेऊन आले, बहुधा साक्षीला.

"हे तुमीच लावलं का मशिनीले?" कमलबाईंनी विचारलं.

"हाव," ते म्हणाले. "पाट हालत होता."

"मंग इतकी वर्सं सांगतलं काऊन नाई?"

"तू विचारलंच नाई."

यावर दोन्ही जावांनी मिळून त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग गाठोडं आलं, कागद निघाले आणि खरी हत्यारं आत गेली. शेवटी करवत बसली तेव्हा सगळी पेटी भरून काळी आणि चकचकीत दिसली, आणि मी विचारलं. विकाल का, म्हणून. सिंधूबाईनं तर फोनवर आधीच 'घेऊन जा' म्हटलं होतं.

जावांनी एकमेकींकडे बघितलं.

"आता नाई देत, ताई," सिंधूबाई म्हणाली. कमलबाईंनी झाकण लावून टाकलं.

खोटं सांगत नाही, जीव हळहळला. एवढं जवळून बघितलेलं असं झाकणाखाली जाताना. पण मागच्या अंगणात निखाऱ्यावर रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) लागले होते, वांग्याच्या भाजीचा तिखट वास सुटला होता, आणि दोन जावा मीठ जास्त पडलं का कमी यावर वाद घालत होत्या. त्यांच्या तुपातल्या रोडग्यापुढे फार वेळ दुःखी राहणं मला जमलं नाही. वन्संनी कचोरीचा अनुभव विसरून ठेचाही मागून घेतला.

परतीच्या गाडीत वन्सं खिडकीशी बसून झोपल्या. मी मात्र जागी होते आणि अधूनमधून एकटीच हसत होते. लोक म्हणतात संग्रह करणारा माणूस हावरट असतो, आणि ते खरं आहे. पण मला कळलं की पेटी माझ्या कपाटात असण्यापेक्षा ती एकदा भरताना तिथे असणं, हीच माझी खरी हाव होती, आणि ती भागली होती. कपाटातली मोकळी फळी मी आता पुस्तकांना दिली आहे.

गेल्या महिन्यात फोन आला. "ताई, पात्यांना गंज येऊन राह्यला. पानी खारं ना आमचं. काय लावाव?" सिंधूबाईचा आवाज. मागून दुसरा आवाज, "गोडं तेल सांगतलं नं मी तुले."

मी सांगितलं, पात्यांना शिलाई मशीनचं तेल, मुठींना जवसाचं.

"जवस माह्या घरचं घेऊ," एक म्हणाली.

"तुह्या जवसात खडे रायते," दुसरी म्हणाली.

मग दोघी माझ्याशी बोलायचं विसरल्या. फोन तिकडे तसाच चालू राहिला. मी तो ठेवला नाही. स्पीकर लावून मोबाईल डायनिंग टेबलावर ठेवला, वन्संना हाक मारली, आणि आम्ही दोघी चहा घेत ऐकत बसलो.