शबनमनं सावरलेलं लग्न

बेलापूरचे बाबाजानभाई आयुष्यभर लग्नांचं शूटिंग करत आले. नवरीचा बाप डोळे पुसायला कुठल्या कोपऱ्यात जाणार, हे त्यांना आधीच कळायचं, आणि तिथं ते कॅमेरा न्यायचे नाहीत. म्हणून लोक त्यांना मानायचे.

मग त्यांचा उजवा हात कापू लागला. गोळ्या सुरू झाल्या, कंप राहिलाच. एका लग्नाचं शूटिंग बघताना मुलाकडच्यांनी “डोकं गरगरतं” म्हणून टीव्ही बंद केला. भाईंनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

त्यांची मुलगी शबनम घरीच एडिटिंग करायची. तिनं तेच शूटिंग कॉम्प्युटरवर घेतलं. हलतं चित्र स्थिर करायची सोय तिच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. चित्र जितकं सरकलं असेल तितकं ते उलटं सरकवायचं. त्यात कडा मात्र कापल्या जायच्या. भाई माणसांच्या अगदी जवळ जाऊन शूटिंग करत, त्यामुळं कडेची डोकी अर्धी होत होती.

“अब्बा, जरा मागं उभं राहून घ्या. कडेला जागा सोडा. थरथर मी काढते.”

“आन् न्हाई निघाली तर?”

“तर तसं सांगू लोकांना.”

राहात्याच्या गोरक्षनाथांनी लेकीच्या, सुकन्याच्या लग्नाला भाईंनाच बोलावलं. हाताचं सांगितलं तरी ऐकेनात. “माझं लगीन तुमी काढलं, पोरीचंबी तुमीच काढा.”

अक्षता, सप्तपदी सगळं छान सावरलं गेलं. पाठवणी मात्र बिघडली. सुकन्याभोवती बायकांची गर्दी होती, आणि सॉफ्टवेअर त्यांच्या हलत्या पदरांनाच स्थिर धरू पाहत होतं. त्यामुळं मागचा मांडव पाण्यात पडल्यासारखा डुलायचा. तेवढा भाग गाळला असता तर कुणी विचारलं नसतं. शबनम कितीतरी दिवस त्याच्याशीच झटत राहिली. शेवटी तिनं माणसांचा भाग झाकला आणि सॉफ्टवेअरला मांडवाचा खांब तेवढा धरायला लावला. खांब थांबला, तसा मांडवही थांबला. सुकन्या आईच्या गळ्यात पडलेली स्वच्छ दिसली. काही क्षण धुरकटच राहिले; ते सुधारणार नाहीत, हे तिनं गोरक्षनाथांना आधीच सांगितलं.

त्यांच्या घरी सगळ्यांनी बसून लग्न पाहिलं. पाठवणी संपल्यावर सुकन्याची आई मनकर्णा भाईंकडे वळली. म्हणाली, “भाई, ह्यात तुमचा हात कुठं कापतोय?”

“कापतोय की,” भाई म्हणाले. “पोरीनं सावरलाय.”

आता बापलेक जोडीनं लग्नाला जातात. कंप वाढलाय, जवळचे चेहरे शबनम टिपते, लांबून सगळा मांडव भाई घेतात. नेवाशापासूनचे फोटोग्राफर आपलं हललेलं शूटिंग तिच्याकडे पाठवतात. जमणार असेल तर ती घेते, नसेल तर सरळ परत करते.