पिवळा ठिपका असलेला स्क्रू

मोटार मेकॅनिकच्या वर्गाला मी सव्वीस वर्षे शिकवले. त्यातली बरीचशी वर्षे कार्ब्युरेटरची होती. गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरावे, हे तेव्हा एका स्क्रूवर ठरे. तो फिरवताना आवाजाकडे कान द्यावा लागे. गॅरेजच्या भाषेत याला ‘स्लो लावणे’ म्हणतात. माझा वर्गातला नियम असा होता, की स्क्रूला हात लावण्याआधी तो किती आट्यांवर, म्हणजे किती फेरे उघडा आहे हे मोजायचे आणि वहीत लिहायचे. जो मुलगा मोजत नसे, त्याला मी सर्वांसमोर उभे करून विचारी, ‘‘किती आटे?’’ उत्तर येत नसे, आणि वर्ग हसे. त्या हसण्याला मी शिस्त समजत होतो.

निवृत्तीनंतर मी थळला राहतो. शेजारी मासळीचा धंदा करणारे कोळी कुटुंब आहे. नवरा व्हॅन चालवतो, बायको शेजारच्या सीटवर बसते, मागे बर्फ आणि मासळीच्या पाट्या. व्हॅन पेट्रोलवर आणि गॅसवर चालते. गेल्या वर्षी ती गॅसवर धक्के खाऊ लागली, तेव्हा त्यांनी ती रेवसच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. ते गॅरेज माझ्याच एका विद्यार्थ्याचे आहे. त्याने लॅपटॉप जोडून गॅसचे ट्युनिंग केले. यात उघडायचे काही नसते. प्रत्येक सिलिंडरला गॅस किती क्षण सोडायचा, याचा एक तक्ता गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये असतो, आणि त्यातले आकडे बदलायचे असतात.

दुसऱ्या दिवशी शेजारीण अंगणात आली.

‘‘गुरुजी, गाडी चांगली पलते, पन उभी केली का जीव गेल्यासारखी करते. त्यो तुमचा पोरगा बोलतो, चार दिस चालवा, गाडी शिकते हाय. आता गाडीला पन शाळंत घातली काय?’’

अंगणात पाच-सहा माणसे होती. त्यांत आणखी दोन व्हॅनवाले होते, आणि त्यांनाही त्याच गॅरेजात काम करून घ्यायचे होते. सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, ‘‘वहिनी, यंत्र शिकत नसते. त्याला लावून द्यावे लागते.’’

विद्यार्थी खरे बोलत होता. कामासाठी बॅटरीची तार काढली, की कॉम्प्युटर जुन्या सवयी विसरतो आणि दोन-चार दिवसांत त्या पुन्हा लावून घेतो. हे मी कुठेतरी वाचले होते. पण लोक बघत होते. मी घरातून स्क्रू फिरवायचा डिसमिस आणला. हवेचा रस्ता उघडणाऱ्या झडपेपाशी एक बारीक स्क्रू दिसला. त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. कारखान्यातून असा ठिपका येतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘हात लावू नका’ एवढाच असतो. मी ठिपका फोडला आणि स्क्रू फिरवला. इंजिनाचा आवाज भरला, स्थिरावला.

‘‘बघितला? बिनलॅपटॉपचा,’’ एक व्हॅनवाला म्हणाला. मी हात पुसत राहिलो.

तिसऱ्या दिवशी बाजाराच्या उतारावर शेजारणीच्या नवऱ्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तरी गाडी हळू होईना. ब्रेक जोरात दाबावा लागला, बर्फाची पेटी सीटवर आदळली. इजा कोणाला झाली नाही. मात्र संध्याकाळपर्यंत पाड्यात एकच बोलणे झाले, की त्या गॅरेजवाल्याने गाडीची वाट लावली. दोन्ही व्हॅनवाल्यांनी त्याला फोन करून काम नको म्हणून सांगितले. त्यांतला एक मला विचारायला आला. मी म्हणालो, ‘‘आजकालची मुले पाया कच्चा ठेवतात.’’ हे वाक्य मी जसेच्या तसे लिहितो आहे, कारण ते सौम्य करून सांगण्याचा मला अधिकार नाही.

शेजारीण मला सोबत घेऊन गॅरेजात गेली; व्हॅन नवऱ्याने आणली आणि तो बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. विद्यार्थ्याने खुर्ची पुसून मला बसवले, मग लॅपटॉप जोडला. पाय पूर्ण उचललेला असताना झडप बंद दिसायला हवी. पडद्यावर ती थोडी उघडी दिसत होती. चालकाने पाय दिला आहे असेच कॉम्प्युटरला वाटत होते. तो बॉनेटखाली वाकला आणि स्क्रूवरच्या फुटलेल्या ठिपक्यावर त्याने बोट फिरवले.

‘‘मावशी, मधे कोणी हात लावला होता का?’’

‘‘गुरुजींनी जरा नीट केली. तुझाच काम बिघडलं होतं ना. त्यांनी हात लावला म्हनून दोन दिस तरी चालली.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘माझंच काहीतरी राहिलं असेल.’’

ती चहा सांगायला टपरीवर गेली. तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि त्याने अगदी हळू विचारले, ‘‘सर, किती आटे फिरवला होता?’’

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला आकडा हवा होता, म्हणजे स्क्रू मूळ जागी नेता आला असता. मी आठवून पाहिले. मी मोजलेच नव्हते.

‘‘नाही सांगता येत,’’ मी म्हणालो.

‘‘असू दे सर. बघून बघून आणतो.’’

पडद्यावर नजर ठेवून तो स्क्रू केसाकेसाने मागे घेत होता. पाऊण तास गेला. चहा आला, मी तो प्यालो. शेजारीण त्याला दोनदा म्हणाली, ‘‘आता तरी गुरुजींना इचारून कर.’’ तो ‘‘हो मावशी’’ म्हणाला.

घरी परतताना, नवऱ्याच्या हाती व्हॅन अगदी शांत चालत असताना, मी शेजारणीला सांगितले, की बिघाड माझ्या हातून झाला होता. ती माझ्याकडे वळली.

‘‘मंग तिथं का न्हाय बोलला? त्यो खाली मान घालून काम करीत व्हता.’’

ती पुढे म्हणाली, ‘‘माझ्यापाशी बोलून काय उपेग? त्या दोघांना सांगा.’’

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही व्हॅनवाल्यांकडे गेलो. झडप, ठिपका, स्क्रू, कॉम्प्युटरची चुकलेली समजूत, सगळे क्रमाने समजावले, फळ्यावर समजावतो तसे. एकाने ऐकून घेतले आणि पुढच्या आठवड्यात तो विद्यार्थ्याकडे गेला. दुसरा ओसरीवर जाळे विणत ऐकत होता. माझे बोलणे संपल्यावर त्याने हात जोडले.

‘‘गुरुजी, तुमचा मन मोठा हाय. पोराची चूक आंगावर घेता.’’

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागलो. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. त्याची व्हॅन आता दुरुस्तीला पेणला जाते. रस्त्यात भेटला, की तो गाडी थांबवून मला नमस्कार करतो.