अमावास्येची तपासणी

शाळेत रोज हजर राहणं ही काही मोठी मर्दुमकी नाही. ज्याला दुसरीकडून कुठून बोलावणं नसतं, तो रोज हजर असतो. हे मला नववीत कळलं, आणि बक्षीसही त्याचंच मिळालं.

गोष्ट साठच्या दशकातली. तारापूरला समुद्राकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि माझे वडील साताऱ्याकडून तिथे सळया बांधायच्या कामावर आले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गावाकडे सातवीपुढे शाळा नव्हती. आजी अंथरुणाला खिळलेली, भाऊ लहान, म्हणून आई तिकडेच राहिली. आबा म्हणाले, "तिथं हायस्कूल हाय. पोरगी शिकंल आन् माझी भाकरबी हुईल." एका दगडात दोन पक्षी. बोईसर स्टेशनच्या पलीकडे एका रांगेत आमची एक खोली होती. आबा पाळीवर गेले की तिथे मी आणि स्टोव्ह. स्टोव्ह निदान फुरफुरायचा तरी.

हायस्कूल म्हणजे मंगलोरी कौलांची लांबलचक इमारत, मागे शेतीच्या तासाचे वाफे, बाजूला सुतारकामाची पत्र्याची शेड. आठवीत सगळ्यांना सगळे विषय सारखे. नववीला निवड करायची. हेडसरांनी जूनमध्ये व्हरांड्यात उभं राहून यादी वाचली: संस्कृत किंवा हिंदी, बीजगणित-भूमिती किंवा सामान्य गणित, शास्त्र किंवा आरोग्य, मुलांना शेती नाहीतर सुतारकाम, मुलींना शिवण. ऐकायला भरगच्च होतं. मग एकेकाने हात वर केला की सर सांगायचे, संस्कृतला अजून शिक्षक आलेले नाहीत, शास्त्राच्या खोलीचं छप्पर गळतंय. खाणावळीतल्या फळ्यावर दहा पदार्थ लिहिलेले असावेत आणि शिजलेले दोनच, तसं ते होतं.

मुलं मात्र खरोखर भरगच्च. मुरब्याच्या कोळ्यांची, किनाऱ्यावरच्या बागायतदारांची, बेटेगाव-कुंभवलीच्या शेतकऱ्यांची, डोंगराकडच्या पाड्यांवरची, आणि आमच्यासारखी प्रकल्पामागून आलेली उपरी. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात चार-पाच तऱ्हांची मराठी चालायची, वर कामगारांच्या पोरांची हिंदी. पुस्तकातली मराठी फक्त फळ्यावर असायची. मी "व्हय" म्हटलं की पोरी हसायच्या, "न्हाई" म्हटलं की जास्तच. मुळात माझा स्वभाव तिरसट, त्याला आयतं निमित्त मिळालं. मी बोलणंच सोडलं.

आणि त्या शाळेची हजेरी! पावसात लावणी सुरू झाली की शेतकऱ्यांची मुलं दिसेनाशी व्हायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की कोळ्यांची बाकं कधी भरलेली, कधी ओस. दिवाळी झाली की डोंगराकडची मुलं आईबापांबरोबर गवत कापायला जायची. सर रागवायचे नाहीत. ज्याचा हंगाम त्याची रजा, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. मला कुठलाच हंगाम नव्हता. लावणी असो, सुगी असो, मी आपली तिसऱ्या बाकावर. दोन्ही बाजूंना मोकळं बाक. इतकं एकटं वाटायचं की मी मनाशी म्हणायची, निदान एखादा ताप तरी यावा. तोही आला नाही.

अपवाद एका तासाचा. बीजगणित-भूमिती घेणारे आम्ही पाचच होतो: बेटेगावचा एक मुलगा, डोंगराकडून येऊन वसतिगृहात राहणारा एक, प्रकल्पातल्या ओव्हरसियरचा एक, मुरब्याची एक मुलगी आणि मी. हेडसर स्वतः शिकवायचे, शेवटच्या तासाला, नकाशे ठेवायच्या खोलीत. तिथे बाकं मावत नव्हती. एकच टेबल, त्याच्याभोवती पाच जण.

मुरब्याची मुलगी बोईसरच्या बाजारात मासे विकणाऱ्या आपल्या आत्याकडे राहायची. पहिल्या दिवशी ती शेजारी बसली आणि मी रुमाल नाकाला लावला. आज सांगायलाही लाज वाटते. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वास येते? मंग तिकडं बस ना. आमी काय बोलावलं तुला?" तिकडं बसायला जागाच नव्हती, म्हणून मी तिथेच राहिले. चार दिवसांत कळलं की भूमितीत ती माझ्या दोन पावलं पुढे आहे. सर आकृती काढत असतानाच ती पुटपुटायची, "हे दोन कोन सारके हायत." दिवाळीपर्यंत असं झालं की ती आधी आली तर शेजारच्या खुर्चीवर आपली वही ठेवायची आणि मला बघितलं की उचलायची. त्या सगळ्या मुलखात माझ्यासाठी जागा धरणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला मॅट्रिक होऊन मुरब्यालाच गणिताची बाई व्हायचं होतं. मला काय व्हायचं होतं ते ठाऊक नव्हतं. तो तास टिकावा, एवढंच वाटायचं.

आणि तो टिकतो की नाही, अशीच वेळ आली. पाच मुलांसाठी हेडसरांचा तास अडकतो, असं संस्थेच्या लोकांचं म्हणणं होतं. इन्स्पेक्टर येऊन बघणार होते. त्या दिवशी वर्गात पाचच्या पाच दिसले तर वर्ग चालू, एक जरी कमी तर बंद. इन्स्पेक्टरांच्या कचेरीने डिसेंबरातल्या दोन तारखा कळवल्या होत्या, त्यातली एक आम्ही निवडायची होती.

सरांनी मला बोलावलं. "तू रोज असतेस. कोण कधी येतं, कधी येत नाही, तुझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. बोल, कुठली तारीख?"

मला कोण अभिमान वाटला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पहिली तारीख अष्टमीला येत होती, दुसरी अमावास्येला. बेटेगावची झोडणी उरकली होती, गवताचं काम संपत आलं होतं. मुरब्याची मुलगी मधूनमधून दोन-चार दिवस नसायची, पण त्या दिवसांची तिथी मी कधी बघितली नव्हती. आणि अमावास्या! आमच्या गावाकडे अमावास्येला कुणी बैल जुंपत नाही. औत नाही, मोट नाही, माणसं पारावर बसलेली. तिथल्या शाळेतल्या पोरांना त्या दिवशी घरचं काम कधीच नसायचं. मी ठामपणे सांगितलं, "सर, अमावास्या घ्या. त्या दिवशी सगळे मोकळे असतात."

सर नाशिककडचे, माझ्यासारखेच घाटावरचे. ते हसले. "अमावास्येला सरकारी पाहुणा! बरं, तू म्हणतेस तर तसं."

संध्याकाळी मी आबांनाही फुशारकीने सांगितलं. ते हात धुता धुता म्हणाले, "हितं कसली अमावस्या? काँक्रीट थांबतंय व्हय अमावस्येला?" मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. गावची पंचांगं गावाला, इकडची इकडे, एवढं त्यांना कळत होतं आणि भूमिती शिकणाऱ्या मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात तारीख सांगितली. मुरब्याच्या मुलीने बोटांवर काहीतरी मोजलं. "अमाशेला?" ती हळूच म्हणाली. मी विचारलं, "येशील ना?" ती म्हणाली, "बगू." एवढ्या महत्त्वाच्या दिवसाबद्दल नुसतं "बगू" ऐकून मला रागच आला. का, म्हणून मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तारीख बदलायला अजून वेळ हातात होता. तिला वाटलं असणार की तारीख सरांनी ठरवली, आणि सरांना कोण सांगणार? मी ठरवली हे मी तिला सांगितलं नव्हतं. सगळं पार पडलं की ऐटीत सांगायचं, असा माझा बेत होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी मिरच्या आणायला बाजारात गेले. मुरब्याच्या मुलीच्या आत्याची जागा रिकामी होती. पाटही नव्हता. शेजारी भाजी घेऊन बसलेल्या बाईला मी विचारलं, तर ती हसायलाच लागली. "अगं, उद्या अमाशा ना! मोठं उधाण. पाण्याला वड असते तवा तं जाली भरतात. दोगी पण गेल्या मुरब्याला. सगला गाव बंदरावर असल उद्या, बोंबील वेचायला. आता अष्टमीच्या टायमाला येतील, पानी सुस्त झालं का."

अष्टमी. मी नाकारलेली तारीख. मिरच्या न घेताच मी घरी आले.

त्या रात्री मी एकच हिशेब करत राहिले. सकाळच्या एस.टी.ने मुरब्याला जावं, तिला ओढून आणावं. पण वेळेवर परत आले नाही तर वर्गात तिघंच उरतील. बीजगणितात याला उत्तर नव्हतं. सकाळी मी रोजच्यासारखी शाळेत गेले.

इन्स्पेक्टर शेवटच्या तासाला आले. टेबलाभोवती आम्ही चौघं. त्यांनी डोकी मोजली आणि विचारलं, "पाचवी?" हेडसर म्हणाले, "मच्छीमारांची मुलगी आहे साहेब. त्यांचं असंच असतं. मासळी आली की शाळा गेली." सर वाईट नव्हते. कुणाला तरी दोष द्यायचा होता, आणि जी तिथे नव्हती तिला देणं सोपं होतं. मी तोंड उघडून म्हणायला हवं होतं की सर, तारीख मी सांगितली. मी समोरच्या वहीत डोकं खुपसून बसले. सर माझ्याकडे बघतायत हे मला वर न बघता कळत होतं.

नाताळच्या सुट्टीनंतर वर्ग बंद झाला. आम्ही सामान्य गणितात, म्हणजे तिसऱ्या बाकावर. मुरब्याची मुलगी दोन दिवस आली. तपासणीच्या दिवशी सर काय बोलले ते बाकीच्यांनी तिला सांगितलंच होतं. ती म्हणाली, "बाजारातला हिशोब मना येते. त्याच्यासाठी शालेत कशाला बसू?" तिसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतर कधीच आली नाही. मी शेजारच्या जागेवर माझी वही ठेवून बघितली. ती उचलायला लावणारं कुणी आलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर बक्षिसं वाटली. पहिल्या सत्रात एकही दिवस न चुकवणारी अख्ख्या शाळेत मी एकटी होते. हेडसरांनी माझ्या हातात नवी कंपासपेटी ठेवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भूमिती बंद पाडणाऱ्या मुलीला कंपासपेटी! देवाला चेष्टा सुचते ती अशी. मला भर मैदानात रडू आलं आणि लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय.

पुढच्या अष्टमीला मी ती पेटी घेऊन बाजारात गेले. आत्या पाटावर बसली होती. मी पेटी तिच्यापुढे धरली आणि एका दमात सांगून टाकलं की ती तारीख मी ठरवली होती, सरांनी नाही. तुमच्याकडे अमावास्येला काम असतं हे मला माहीत नव्हतं. तिला सांगा. आत्याने ओले हात लुगड्याला पुसले, पेटी घेतली, एवढंच म्हणाली, "सांगते हां बाय."

आठवड्याभरात आत्याने मला रस्त्यात गाठलं आणि पेटी परत दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पण आत्या रागात नव्हती. "ती बोलली, पेटी तुजी हाय, तुज्याकडं ठेव. आन् बोलली, अमाशेला ये मुरब्याला. बंदरावर ये, मी दाकवते काय असते ते. जेवायला पण थांब." मग स्वतःच पुढे म्हणाली, "ये गं. तुजी वाट बगल ती."

कितीदा तरी मी ते मनात घोळवलं. ती माझ्यासाठी जागा धरून होती, या वेळी वहीने नव्हे, अख्ख्या बंदरावर. मी आबांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "जा की. यष्टी जातीय."

ती अमावास्या शाळेच्या दिवशी आली. सकाळी दप्तर भरलं. कोपऱ्यावर मुरब्याची एस.टी. उभी होती, कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. चढायला दोन पायऱ्या. मला तिच्या डोळ्याला डोळा भिडवायची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक गोष्ट डोक्यात आली: आजवर माझा एकही दिवस चुकलेला नाही.

मी शाळेत गेले. सरांनी हजेरी घेतली. माझं नाव आल्यावर मी उभी राहून "हजर" म्हटलं.