तुफान्याचं दुसरं शिंग

बैलाला दोन शिंगं असतात, एवढ्या एका ज्ञानाच्या जोरावर मी माझ्या नातीला स्पर्धेतून जवळजवळ बाद केलं.

नात म्हणजे ऋतुजा. आठवीत आहे. मोबाईलवरच्या एका कार्टूनमध्ये तुफान्या नावाचा बैल आहे, त्याच्यावर तिचा भारी जीव. त्या कार्टूनवाल्यांनी चाहत्यांसाठी स्पर्धा ठेवली, तुफान्याला नवा साज चढवायची. नियम एकच: साज तुमच्या मनाचा, अंग मात्र आमचं! ऋतुजानं त्याला आमच्या कुरुंदा गावच्या पोळ्याचा साज चढवला. आरशांची झूल, घुंगरमाळ, बाशिंग! शाळेतून आली की पोरगी कागदावर ओणवी.

“बैल निळा असतोय का कुठं?” मी विचारलं.

“आबा, तो निळाच हाय.”

(निळा मी कसाबसा पचवला.)

शेवटच्या दिवशी चित्र वाळत ठेवून ती शाळेत निघाली. जाताना माझ्या मुलाला, दत्ताला, म्हणाली, “बाबा, वाळलं की फोटो काढून पाठवा.” मी सहज डोकावलो आणि बघतो तर काय! डावं शिंग अर्धंच! घाईत राहिलं असणार. आता मी जन्मभर बैलांची शिंगं रंगवलेला माणूस. एकदा आमच्या बैलाचं शिंग मोडलं, तर मी लाकडाचं बसवून वर बेगड चिकटवली होती. मोडक्या शिंगाचा बैल पोळ्याला वेशीत नेणारा मी नव्हे! पोळ्यातला उरलेला लाल ऑइल पेंट माळ्यावर होताच.

“काय करून राहिले?” बायकोनं विचारलं.

“पोरीचं राहिलेलं पुरं करून राहिलो.”

तिनं वाकून पाहिलं. “लई देखणा झाला हो! दृष्ट लागंल.” आणि काजळाचं बोट बैलाच्या गालाला लावून मोकळी! दत्तानं फोटो काढून पाठवला. तिघांनी समाधानानं चहा घेतला.

ऋतुजा घरी आली तेव्हा फोनवर उत्तर येऊन पडलं होतं. ‘चित्र सुंदर आहे, पण हा आमचा तुफान्या नाही. संध्याकाळी सहापर्यंत दुरुस्त करून पाठवता येईल.’

“हे शिंग कुणी काढलं?”

दत्तानं आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं, मी चित्राकडं.

“राहिलं होतं म्हणून मी...”

“आबा! तुमी काहून हात लावला? पुरात गोठ्याचं दार फोडून त्यानं वासरं वाचवली, तवा मोडलं ते! त्याच्यामुळंच तर तो तुफान्या हाय!” पोरीचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ओलं फडकं आणलं. रंग हलेना. दत्तानं रॉकेल आणलं. रंग हलला, पण थेट कपाळावर आला!

“शिंगाला फडकं बांधलंय असं दाखीव,” बायको म्हणाली.

“आजी, अंग त्यांचं हाय, झाकून कसं चालंल!”

“मग मी त्यांना फोन करून सांगतो, चूक माझी...”

“तुमी गप बसा आबा!” असं म्हणून तिनं कात्रीच उचलली.

“अगं अगं अगं!” मी तोंड फिरवलं. जित्या जनावरावर कात्री चालावी तसा करकर आवाज आला. मी वाढवलेलं शिंग आणि कपाळावरचा ओघळ कापून तिनं मागून कोरा कागद चिकटवला, रंग भरला. मग कात्री गालावरच्या काजळापाशी नेली आणि खाली ठेवली.

“ही तीट राहू द्या. ही साजात येतीय.”

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू ती निवडणूक जिंकली!

चित्र वेळेत गेलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, ‘मोडक्या शिंगाची कड फारच खरी वाटते.’ दत्तानं गावभर सांगितलं, “शिंगाचं काम आबांचं!” त्यावर गावानं मला यंदाच्या पोळ्यात बैलांच्या साजाचा परीक्षक नेमलं. जाणकार म्हणून!

म्हणून हे लिहितोय. ती कड ऋतुजाच्या कात्रीची. माझं काम तेवढं केरात गेलं. हेच सांगून नकार द्यायला परवा सरपंचांकडं गेलो होतो. त्यांनी आधी परीक्षकाच्या फेट्याचा रंग विचारला.

मी गुलाबी सांगून आलो.