पियानोखालची बादली

आमच्या कॅम्पातला सुतार बोलण्याआधी समोरचं लाकूड बोटाच्या पेरानं ठोकून बघायचा, कान द्यायचा आणि मगच तोंड उघडायचा. जेवणाच्या टेबलावरसुद्धा. रत्नागिरीकडे होड्या बांधलेला हा माणूस सौदीतल्या हुफूफच्या वाळवंटात दरवाजे बसवत होता.

एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यात कपाटं करताना बाईंचा पियानो त्याच्या कानावर पडला. बाई कायम एकाच रशियन माणसाचं वाजवत. त्याच्याविषयी मात्र सुतार काही न ठोकता बोलायचा. "स्वतःच रचायचा, स्वतःच वाजवायचा. पंजा हा एवढा! मुलूख सुटला, तर बरीच वर्षं नवं काही सुचेना त्याला. पण वाजवायचा थांबला नाही हो."

कुवेतमध्ये इराकी फौज शिरली तसं ते कुटुंब किल्ली सुताराकडे देऊन निघून गेलं. पुढे सायरन वाजू लागले. पाणी तुटेल म्हणून कंपनीनं प्रत्येकाला दोन बादल्या भरून ठेवायला दिल्या. सुताराच्या खाटेखाली एकच दिसायची. मी स्टोअरचा कारकून, म्हणून शोध घेत बंगल्यावर गेलो. सुतार तिथंच होता. दुसरी बादली पियानोखाली होती, काठोकाठ भरलेली.

"कोरड्या हवेत फळ्या फाटतात," तो म्हणाला. "होडी वर ओढून ठेवली तरी आम्ही तिच्यावर पाणी मारतो."

मला रागच आला. "अहो, उद्या प्यायला पाणी नसेल! आणि त्या बाई आता कसल्या परत येतायत?"

त्यानं पियानो ठोकला, कान दिला.

"त्या गेल्यात, हे याला कुठं ठाऊक आहे?"