दादांच्या ताटातली अर्धी पोळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात त्या आराम करायला. निंबाला झोका बांधायचा, दुपारभर सावलीत पाय पसरून पडायचं, आयतं खायचं. सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यांत मीही त्याच आशेनं जाफराबादला एसटीतून उतरायचे आणि गावाची वाट धरायचे. पण घरात पाऊल टाकलं की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधीच माय म्हणायची, "आलीस, बरं झालं. आता यांच्यावर तू नजर ठेव. मी थकले बाई." झालं माझं माहेरपण.

नजर ठेवायची ती वडिलांवर. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दुष्काळात सगळ्या गावानं रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी गिळल्या, आणि चार घास बरे मिळायला लागले तेव्हा दादांना साखरेचा आजार निघाला. जालन्याच्या डॉक्टरांनी गोड तोडलं, एक निळं औषध आणि काचेची नळी दिली. औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून दिव्यावर तापवायची. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर सांभाळा, विटकरी झालं तर दादांची काही खैर नाही. माय शाळेत गेली नव्हती, पण नळीतले रंग तिला बरोबर कळायचे. त्यावर ती रात्रीची भाकरी ठरवायची. घरात एवढा धाक आधी कशाचाच नव्हता.

त्यातून आखाजी म्हणजे पितरांचा सण. घरातल्या गेलेल्या माणसाच्या बरोबरीचा कुणी बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, आणि तो गेलेला माणूसच जेवायला आलाय असं समजून आमरस-पुरणपोळी वाढायची. तो जेवल्याशिवाय घरात कुणी नवा आंबा तोंडाला लावत नाही. आणि पितर म्हणून बसलेल्यानं 'नको' म्हणायचं नसतं. वर्षाचा उपाशी आलेला माणूस नको कसा म्हणेल?

दादा हे आमच्या गावाचे हक्काचे पितर होते. गेलेले सगळे त्यांचे सोबती. कुणाला रसावर मिरपूड लागायची, कोण कुरडई रसात बुडवून खायचा, हे त्यांना ठाऊक. ते बरोबर तसंच जेवायचे आणि घरातल्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. एका दिवसात तीन-चार घरं करून यायचे आणि ओट्यावर आडवे व्हायचे. सुखानं. त्या सुखाचा मला फार राग यायचा.

मी सांगतेय त्या वर्षी वहाण लागून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. साखर आटोक्यात राहिली तर पाय राहील, नाहीतर कापावा लागेल, असं डॉक्टरांनी मायच्या तोंडावर सांगितलं. मायनं आखाजीच्या आधीच घरोघर निरोप धाडले, यंदा हे कुणाकडं बसणार नाहीत.

सणाच्या दिवशी तिनं दादांना घरीच वाढलं. आधी काकडी-कांदा, मटकीची उसळ, ज्वारीची अर्धी भाकरी, वर वाटीभर ताक. पोट बऱ्यापैकी भरल्यावर मग अर्धी पुरणपोळी आणि छोट्या वाटीत रस. मला वाटलं आता कुरकुर होणार. पण दादांनी त्या अर्ध्या पोळीचे असे इवले इवले घास केले की बघत राहावं. एकेक घास रसाला नुसता टेकवायचे, डोळे मिटायचे, चावत बसायचे. "इतके दिवस नुसतं गिळून राह्यलो होतो," ते म्हणाले. "पुरणात जायफळ असतं हे आज कळलं." माय हसली. तिला हसताना मी किती तरी दिवसांनी पाहिलं. असं जमलं तर हा माणूस अजून वीस वर्षं सण खाईल, असं मला खरंच वाटलं.

दादा हात धुवत होते तेवढ्यात दारात मागच्या आळीतली काकू आली. तिचा नवरा दादांचा जिवाभावाचा दोस्त, हिवाळ्यात गेला होता. त्याची ही पहिलीच आखाजी.

"भाऊजी, ताट वाढून बसलेय सकाळधरनं," ती म्हणाली. "लेकरंबी उपाशी हायेत."

"निरोप धाडल्ता ना मी?" माय म्हणाली. "पाय जाईल त्यांचा. दुसरं कुणी बघा की."

"दुसऱ्याला काय ठाव त्यांचं? पर राहू द्या मंग." एवढंच बोलून काकू वळली. ती भांडली असती तर दादा गेले नसते. ती मुकाट्यानं निघाली आणि दादांनी टोपी घातली. मायनं माझ्याकडं पाहिलं. मी निघाले त्यांच्या मागं, राखणीला.

काकूनं पाय धुतले, जखमेला जपून. रसाची वाटी काठोकाठ, पोळीवर तुपाची धार. दादांनी पहिली पोळी संपवली. दुसरी वाढताना मी ताटावर हात आडवा धरला.

काकू माझ्यावर चिडली नाही. पोळी हातात तशीच धरून म्हणाली, "शेवटी दवाखान्यात काही खाऊ दिलं न्हाई ग त्यांना. मागत होते. उपाशीच गेले."

माझा हात आपोआप मागं आला. दादा दुसरी पोळी जेवले, तिसरीही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एकदाही नको म्हणाले नाहीत.

संध्याकाळी नळी विटकरी झाली. मायनं ती कोनाड्यात ठेवून दिली. एका ताटानं काही होत नसतं, आजार वर्षानुवर्षांचा आहे, असं डॉक्टर पुढं म्हणाले. मायला ते कधीच पटलं नाही. दसऱ्याच्या सुमारास अंगठा काळा पडला. औरंगाबादला नेलं, पाय कापला, पण दादा परत आले नाहीत.

पुढच्या आखाजीला मी गेले तेव्हा नजर ठेवायला कुणी नव्हतं. तरी थकवा तेवढाच होता. दादांच्या जागी बसायला त्यांच्या बरोबरीचा, खालच्या आळीतला एक माणूस मिळाला. मायनं त्याचे पाय धुतले, गंध लावलं आणि ताट आणलं. ताटात काकडी-कांदा, मटकीची उसळ, ज्वारीची अर्धी भाकरी, कडेला ताकाची वाटी.

तो माणूस गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. माय ताटाकडं बघत उभी होती. मग तिनं वाकून ती भाकरी उचलली, ताक उचललं, आत गेली आणि पोळ्यांची सगळी चळतच घेऊन आली. एक वाढली, तिच्यावर दुसरी वाढली. रस ताटात सांडला तरी ती ओततच होती.

"खा," ती त्याला म्हणाली. "पोटभर खा. आता नळी बघायची न्हाई."

त्याला काहीच कळलं नाही, पण तो नको म्हणाला नाही. मी तुपाची वाटी घेऊन मायच्या शेजारी उभी राहिले.