म्हात्रेबाई आणि टेकडीवरचे कुंभे

डिसेंबरात पेणहून फोन आला. म्हात्रेबाईंचे धाकटे भाऊ बोलत होते. "सर, ताई गेली. सकाळी, झोपेतच." रोह्याच्या आमच्या शाळेत बाई नऊ वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या आणि मी मुख्याध्यापक होतो. फोन ठेवल्यावर मनात आधी दुःख आलंच नाही. एक गोष्ट त्यांना सांगायची होती, ती आता कायमची राहिली, एवढंच आलं.

बाई पेणजवळच्या खाडीकाठच्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या, पण जीव तुटला की घरची बोली बाहेर पडायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेला मागची टेकडी झाडं लावण्यासाठी मिळाली. तिच्यावर गवत, आणि गवतात कुंभे, ऐन, पळस अशी वेडीवाकडी, खुरटी झाडं. मार्चमध्ये वणवा आला आणि दोन तासांत सगळी टेकडी काळी झाली. मला वाटलं, बरंच झालं! पावसाळ्यात ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं यायची होती, त्यासाठी खड्डे हवे होते. जळकी खोडं मुळासकट काढायला मी माणसं लावली.

दुसऱ्या दिवशी बाई मला टेकडीवर घेऊन गेल्या. एका कुंभ्याची साल त्यांनी चाकूने खरवडली. वर अंगठ्याएवढा जाड कोळसा आणि आत ओलं, जिवंत लाकूड. "सर, मेलेली नायत ही. सालीनं आग आत जाऊ दिली नाय." मग पायाशी जळलेली, हातभर उंचीची काटकी दाखवली. "हे रोपटं वाटतं ना? याचं मूळ कदाचित तुमच्या-माझ्यापेक्षा म्हातारं असेल. दरवर्षी वरचं जळतं, आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर ते परत फुटतं. तीन-चार वर्षं आग चुकली की शेंडा ज्वाळेच्या वर जातो आणि साल जाड होते. मग ते वणव्याला भीत नाय. सर, फक्त पंधरा दिवस थांबा. आणि भोवतीचं गवत कापून आग अडवणारी जाळरेषा काढू या."

खाली शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, कोळशाला कधी पालवी फुटते का?" सगळे हसले. बाईसुद्धा थोडं हसल्या, आणि वह्या तपासायला लागल्या... ते हसणं मी आजही विसरू शकत नाही.

काम जवळजवळ संपलं, फक्त ओहोळाकडचा कोपरा राहिला, कारण माणसं लग्नसराईला गावी गेली. एप्रिल संपायच्या आत त्या कोपऱ्यात प्रत्येक काळ्या बुंध्यातून तांबूस, लुसलुशीत पानं बाहेर आली. मी ती पाहिली. बाई वर्गाला घेऊन तिथे गेल्या, तेही पाहिलं. त्यांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. "तुमचं बरोबर होतं," एवढे तीन शब्द होते, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून ते मला जमले नाहीत. दुसऱ्या वर्षीच्या वणव्यात आमच्या पातळ सालीच्या बाभळी गेल्या त्या गेल्याच. मुळं उपटलेल्या उतारावरची माती पावसात ओहोळात उतरली. पुढे बाईंनी पेणच्या शाळेत नोकरी घेतली.

गेल्या मे महिन्यात पेणला एका लग्नात त्या भेटल्या. फार वाळल्या होत्या. "सर, आपला कोपरा कसा हाय?" मी कित्येक वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो. तरी म्हणालो, "छान आहे." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "व्हय?" म्हणाल्या, आणि मला जेवायला बसवलं. तेव्हाही बोललो असतो तर...

फोननंतर तीन आठवड्यांनी मी टेकडी चढलो. वरचा उतार उघडा, मुरमाड. पण कोपऱ्यातले कुंभे माझ्या दुप्पट उंच झाले होते, थंडीने पानं लाल होऊन गळत होती. बुंध्यांवर जुन्या आगीचे डाग, वर फांद्या धडधाकट. जवळच एक वयस्क कातकरी बाई कमरेला विळा खोचून लाकडं गोळा करत होती. मला झाडं न्याहाळताना पाहून म्हणाली, "औंदा बाई नाय आल्या?"

"कोण बाई?"

"पेनच्या. दरसाल संक्रांतीच्या आधी एस्टीनं यायच्या. मी नि त्या मिळून या झाडांभोवतीचं गवत कापायचो, आग आत शिरू नये म्हनून. गेल्या साली दम लागत व्हता, तरी आल्या. दुसरं कुनी फिरकत नाय इथं."

म्हणजे लग्नात मी "छान आहे" म्हणालो, तेव्हा चारच महिन्यांपूर्वी त्या इथे वाकून गवत कापून गेल्या होत्या. माझं खोटं त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी मला जेवायला बसवलं होतं.

मी तिला बाई गेल्याचं सांगितलं. तिने हातातली लाकडं खाली टाकली आणि तिथेच बसली. मग विचारलं, "तुमी कोन त्यांचे?"

"एका शाळेत होतो," मी म्हणालो, आणि तिचा विळा मागून घेतला. ती गवत कुठून कापायचं ते दाखवायला उठली.